भित्रा वाचमन

आमचे वाचमनदादा भित्रे होते. पहारेकऱ्याबद्दल असं लिहिणं बरं दिसत नाही, पण ते स्वतःच सगळ्यांना सांगायचे, तेव्हा मी लपवण्यात अर्थ नाही. दिवेलागणीला मागचं दार लावायला ते एकटे जायचे नाहीत. स्वयंपाकीण शोभाताईंना हाक मारायचे, "ताई, जरा ओट्यावर उभ्या राहा. काही करू नका. नुसतं माझ्याकडे बघत राहा." मग काठी जमिनीवर आपटत, घसा खाकरत ते दारापर्यंत जायचे, कडी घालायचे, आणि येताना मात्र जवळजवळ पळतच यायचे.

मी तेव्हा शहाद्याजवळच्या लोणखेड्याच्या बाहेर, मळ्यातल्या एका खासगी वसतिगृहाची रेक्टर होते. एका शेतकऱ्यानं आपली दुमजली इमारत मुलींसाठी भाड्यानं दिलेली. मुली चाळीसेक, बहुतेक धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरातल्या, कॉलेजसाठी खाली आलेल्या. इमारतीच्या तीन बाजूंना ऊस. श्रावणापर्यंत तो कमरेला असतो, तेव्हा काही वाटत नाही. दिवाळीनंतर मात्र पहिल्या मजल्याच्या खिडकीतूनही पलीकडचं दिसेनासं होतं. नुसती सळसळ ऐकू येते. कधीकधी वारा पडलेला असतानाही.

दादांचं नाव याकोब. नवापूरच्या पुढे, गुजरातच्या हद्दीला लागून असलेल्या डोंगरात त्यांचं गाव. घरी बायको मार्था आणि थोडंसं भाताचं शेत. एकुलती मुलगी लग्न होऊन सोनगडकडे गेलेली. 'वॉचमन'ला आमच्याकडे सगळे 'वाचमन'च म्हणतात, आणि हे तर जेव्हा बघावं तेव्हा वाचत बसलेले, म्हणून मुलींना ते नाव फार आवडलं. वाचायचं पुस्तक एकच, बायबल. काळ्या रेक्झिनचं, कोपरे झिजलेलं, आत खुणेला लाल दोरा. रोज सकाळी सहाला गेटाजवळच्या खुर्चीत बसून, ओळीखाली बोट धरून, ते मोठ्यानं वाचायचे. मनात वाचणं त्यांना जमत नव्हतं. "आवाज नाही आला तर वाचलं असं वाटत नाही," म्हणायचे.

अक्षर ते पस्तिशीत शिकले होते. मुलगी पहिलीत गेली तेव्हा तिच्या पाटीशेजारी बसून. "ती दुसरीत गेली तरी मी जोडाक्षरातच अडकलो होतो, मॅडम. ती मला मारायची पट्टीनं." घरी ते मावची बोलत, मराठी त्यांना भेटली ती बरीचशी त्या पुस्तकातूनच. त्यामुळे त्यांच्या बोलण्याला एक वेगळाच थाट होता. टँकर आला की ते जिन्याखालून पुकारायचे, "पाहा, पाणी आलं आहे! यास्तव बादल्या घेऊन खाली या!" मुली हसून लोळायच्या. दादांना त्यात हसण्यासारखं काय ते कधीच कळलं नाही.

वाचून झालं की ते पुस्तक मांडीवर मिटायचे आणि स्वतःलाच विचारायचे, "बरं. मग आज काय करायचं?" ही त्यांची खरी सवय. वाचलेलं त्याच दिवशी कशात तरी उतरलं पाहिजे, असा त्यांचा हट्ट होता. एकदा भांडण मिटवण्याबद्दलचा भाग आला. दादांचं आणि दूधवाल्याचं महिनाभर बोलणं बंद होतं, दुधात पाणी घालतोस असं दादा म्हणाले होते म्हणून. त्या सकाळी ते दोन किलोमीटर चालत दूधवाल्याच्या गोठ्यावर गेले आणि म्हणाले, "तू पाणी घालतोसच. पण मी ते चारचौघांत बोललो, ते चुकलं." दूधवाल्यानं त्यांना चहा पाजला. पुढे दूधही थोडं घट्ट झालं. एखादी मुलगी विचारायची, "दादा, गोष्टीत पुढं काय होतं?" तर म्हणायचे, "ते उद्याचं. आजचं तरी पुरतं होऊ दे."

मी त्यांच्या धर्माची नाही. माझ्या माहेरी सप्ते बसत, मी लहानपणी पोथी ऐकत झोपी गेलेली. पण त्या आवाजाची मला इतकी सवय झाली की रविवारी ते प्रार्थनेला शहाद्याला लवकर निघून जात, तेव्हा मला जाग यायला उशीर व्हायचा.

त्या वर्षी दिवाळीची सुट्टी संपवून मुली परतल्या आणि चार दिवसांत मोती कुत्रा गेला. रात्री जेवण खाऊन पायरीवर झोपला होता, सकाळी नव्हता. शोभाताईंनी दोन दिवस भाकरी ठेवून पाहिली. तिसऱ्या दिवशी मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "मोती आते येत नही, बाई. ऊसमा बिबट्या शे." मी त्यांना मुलींसमोर बोलू नका म्हणून दटावलं. पण दुपारी दादांनी मला मागच्या कुंपणापाशी नेलं. तारेला एक भगदाड होतं, गेल्या पावसाळ्यापासूनचं. त्याखालच्या ओल्या मातीत पावलं उमटलेली होती. माझा तळवा ठेवला तर त्यात मावला असता. दादांनी आपल्या टोपीनं ती झाकली, जणू कुणी उघडं पडलं होतं. "तार बांधून घ्या, मॅडम," एवढंच म्हणाले.

मी मळ्याच्या मालकांना फोन केला. त्यांना सगळे काका म्हणत. काका म्हणाले, "तोड लागनी म्हणजे तो निंघी जाई. तवलोंग पोरीस्ले आत ठेवा." ऊसतोडीला अजून दीड महिना होता. वनखात्याची माणसं येऊन पिंजरा लावून गेली, त्यात शेळी बांधली. शेळी रात्रभर ओरडायची आणि सकाळी थकून गप्प व्हायची. पिंजऱ्याकडे कुणी फिरकलं नाही. पलीकडच्या मळ्यातलं वासरू मात्र गेलं. मग एका संध्याकाळी गच्चीवर कपडे काढायला गेलेल्या दोघी धावत खाली आल्या. त्यांनी काही पाहिलं नव्हतं. उसाच्या मधोमध तुरे हलत होते, एका रेषेत, इमारतीच्या दिशेनं, आणि मग थांबले होते. तिथेच थांबून राहिले होते.

तार बांधायची तर मजूर हवे होते, खांब हवे होते. तोडीनंतर एकदमच करून घेऊ, असं मी ठरवलं. हे वाक्य मी आजही मनातल्या मनात म्हणून बघते.

त्या दिवसांत दादांचा आवाज सकाळी किंचित कापायचा. मी एकदा विचारलं, "वाचून भीती जाते का हो, दादा?" ते विचारात पडले. खोटं बोलायचं नाही, अशा चेहऱ्यानं म्हणाले, "नाही जात, मॅडम. मागच्या दारापर्यंत जाता येतं, इतकंच. न वाचता गेलो तर तेवढंही होत नाही."

मार्गशीर्षातली गोष्ट. त्या सकाळी वाचनात नुसती नावं आली. हा त्याचा बाप, तो त्याचा बाप, अशी पानभर पिढ्यांची यादी. उच्चार जड, दादा अडखळत होते, दात घासणाऱ्या मुली खिदळत होत्या. कुणीतरी ओरडलं, "दादा, हे पान सोडा ना!" दादांनी मान वर केली. "का सोडायचं? ही सगळी माणसं होती." आणि शेवटच्या नावापर्यंत वाचलं. मग पुस्तक मिटून, "मग आज काय करायचं?" म्हणून बराच वेळ बसून राहिले. आज नक्कीच यांना काही सापडणार नाही, अशी माझी खात्री होती.

संध्याकाळी पाच वाजता ते माझ्याकडे आले आणि मुलींची यादी मागितली. साडेपाचला त्यांनी सगळ्यांना खालच्या व्हरांड्यात बोलावलं आणि एकेकीचं नाव घेतलं. नाव घेऊन थांबायचे, मुलगी समोर दिसली की पुढे जायचे. 'हजर' म्हटलेलं त्यांना चालायचं नाही, तोंड दिसलं पाहिजे. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी मोठ्या मुली तक्रार घेऊन आल्या, आम्ही काय बालवाडीत आहोत का म्हणून. मलाही त्यात माझा अपमान वाटला. हजेरीचं रजिस्टर माझ्याकडे होतं.

"दादा, हे बंद करा," मी म्हटलं. "हजेरी माझ्याकडे होते."

"रजिस्टरात सही दिसते, मॅडम. तोंड दिसत नाही."

ते खरं होतं. मुली एकमेकींच्या सह्या करतात हे मलाही ठाऊक होतं. म्हणूनच मला जास्त राग आला. मी म्हटलं, "तुम्ही गेट सांभाळा. बाकीचं मी बघते."

ते खाली बघत उभे राहिले. भित्रा माणूस, मला वाटलं, ऐकणार. पण म्हणाले, "तुम्ही रागवा. मला काढून टाका. पण ऊस उभा आहे तोवर मी नावं घेणार." आणि साडेपाचला व्हरांड्यात जाऊन उभे राहिले.

यादीत शेवटून चौथं नाव रमिला. धडगावच्या वरच्या पाड्यातली, पावरा घरातली, पहिल्या वर्षाची मुलगी. इतकी लाजरी की नाव घेतलं तरी दुसरीच्या मागे उभी राहायची आणि दादांना मान वाकडी करून तिला शोधावं लागायचं. वर्गात कुणाला तिची गैरहजेरी जाणवली नसती. माझ्याही लक्षात आली नसती.

पौष लागला आणि आमची पाण्याची मोटर जळाली. दोन दिवस मुली दुपारी घोळक्यानं, दादांसोबत, उसातल्या बांधावरून काकांच्या पंपाच्या खोलीपाशी जायच्या, तिथल्या हौदावर कपडे धुऊन यायच्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दादांनी नावं घेतली. शेवटून चौथ्या नावाला थांबले. मान वाकडी केली. पुन्हा नाव घेतलं. तिच्या खोलीतली मुलगी रडवेली होऊन म्हणाली, "तिचा कॉलेजचा ड्रेस हौदावर वाळत राहिला होता. उद्या प्रॅक्टिकल आहे. आत्ता आणते म्हणून मागच्या तारेखालून गेली." केव्हा, तर अर्धा तास झाला होता.

सूर्य गेला होता, उजेड अजून होता. मी काकांना फोन लावला. ते म्हणाले, माणसं आणि ट्रॅक्टर घेऊन निघतो, दहा मिनिटं थांबा, कुणी आत जाऊ नका. शोभाताई परात आणि लाटणं घेऊन आल्या. आम्ही भगदाडापाशी उभ्या राहिलो आणि "रमिला, रमिला" म्हणून ओरडलो. उसातून काही उत्तर आलं नाही. पिंजऱ्यातली शेळी रोज या वेळेला ओरडायची. त्या दिवशी तीही गप्प होती.

दादांनी काठी घेतली, टॉर्च घेतला. दिवेलागणीला खाकरायचे तसा घसा खाकरला.

"दादा, थांबा. काका येताहेत."

"दहा मिनिटं लागतील, मॅडम. पोर एकटी आहे." मग शोभाताईंकडे वळून म्हणाले, "ताई, परात वाजवत राहा. थांबू नका." आणि वाकून तारेखालून आत गेले.

पुढचं मला रमिलानं सांगितलं. ती ड्रेस काढत असताना समोर बांधावर ते जनावर येऊन बसलं होतं. ती पंपाच्या खोलीच्या छपरावर चढली. ओरडायला तोंड उघडलं, पण आवाज फुटला नाही. जनावर उठून उसात गेलं, पण लांब गेलं नाही. पाचोळा वाजत होता. मग परातीचा आवाज आला, आणि त्याच्या पुढे दादांचा. ते तिचं नाव घेत येत होते, व्हरांड्यात घ्यायचे तसंच, घेऊन थांबत. त्यांनी तिला खाली उतरवलं. "माझ्या पुढं चाल. पळू नको, मागं बघू नको," म्हणाले. काठी जमिनीवर आपटत ते तिच्या पाठीला लागून चालत होते. भगदाड दिसायला लागलं तेव्हा काठीचा आवाज थांबला. दादा मोठ्यानं म्हणाले, "आता पळ."

ती पळत तारेखालून बाहेर आली आणि माझ्यावर आदळली. त्याच वेळी ट्रॅक्टरचे दिवे बांधावर वळले. माणसं ओरडत आत घुसली. ते जनावर दादांना सोडून गेलं, पण मानेवर आणि खांद्यावर व्हायचं ते होऊन गेलं होतं.

नंदुरबारच्या दवाखान्यात ते नऊ दिवस होते. मार्थाबाई गावाहून येऊन खाटेखाली चटई टाकून राहिल्या. उंच, काटक बाई; फार बोलत नसत. रमिलाला तिचा बाप येऊन घरी घेऊन गेला होता. मी रोज सकाळच्या पहिल्या बसनं शहाद्याहून जायची. दुसऱ्या दिवशी दादांनी उशाशी ठेवलेल्या पुस्तकाकडे बोट केलं. त्यांना मान हलवता येत नव्हती आणि मार्थाबाईंना वाचता येत नव्हतं. मी पुस्तक घेतलं, लाल दोऱ्यापाशी उघडलं. ते कुजबुजले, "मोठ्यानं."

अशी मी वाचायला लागले. वॉर्डात बाकीचे पेशंट, त्यांची माणसं. आधी मला संकोच वाटला. पण दादा एकेका शब्दाला डोळे मिटत होते. माझा उच्चार चुकला तर बोटानं खाटेच्या दांड्यावर टकटक करायचे. एक भाग संपला की मी पान उलटायला लागायची, तर हाताची खूण करायचे: पुरे. तिसऱ्या दिवसापासून शेजारच्या खाटेवरचा म्हातारा मला बघितलं की आपला रेडिओ बंद करायला लागला.

ताप उतरत नव्हता. जखमेत पू झाला होता. डॉक्टर मला बाहेर बोलावून सांगायचे आणि मी आत येऊन काही नाही म्हणून सांगायची. आठव्या दिवशीच्या भागात वादळात सापडलेली नाव होती आणि तिच्यात बसलेले, जिवाच्या भीतीनं ओरडणारे लोक होते. मी पुढे वादळ शांत होतं तिथपर्यंत वाचलं. मला वाटलं, दादांना हे आवडेल. त्यांनी दांड्यावर टकटक केलं.

"चुकलं का काही?" मी वाकून विचारलं.

"ते घाबरले," ते म्हणाले. आवाज अगदी बारीक झाला होता. "तेवढंच परत वाचा."

मी तेवढंच परत वाचलं. त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी सैल झालं. सोबत मिळालेल्या माणसाच्या चेहऱ्यावर होतं तसं.

दुसऱ्या दिवशी मी वॉर्डात पोचले तेव्हा खाट रिकामी होती आणि मार्थाबाई चटईची वळकटी करत होत्या. "पहाटे," त्या म्हणाल्या. पुस्तक त्यांनी माझ्या हातात दिलं. मी म्हटलं, "अहो, हे तुमच्या घरचं." त्या म्हणाल्या, "घरी वाचणारं कोण आहे?"

ते आज माझ्याकडे आहे. मी ख्रिस्ती झाले नाही. पण सकाळी एक भाग वाचते, मोठ्यानं, आणि त्यातलं काहीतरी त्या दिवशी करायचा प्रयत्न करते. बहुतेक दिवशी जमत नाही. ज्या दिवशी जमतं त्या दिवशी मी जरा बरी बाई असते. पुढे तोड लागली तेव्हा पंपाच्या खोलीपासून वीस पावलांवर मजुरांना दोन बछडे सापडले, मांजराएवढे. वनखात्याच्या सांगण्यावरून ते तिथेच टोपल्याखाली ठेवले. सकाळी टोपलं उलटं पडलेलं होतं. आई येऊन घेऊन गेली होती. पिंजऱ्यात ती कधीच सापडली नाही, आणि दरवर्षी ऊस डोक्यावर गेला की मी मागच्या खिडक्या लावून घेते.

दादांना त्यांच्या गावी पुरलं. डोंगराच्या उतारावर दहा-बारा घरं, कुडाच्या भिंती, वर कौलं, आणि खाली छोटं प्रार्थनाघर. मातीवर लाकडाचा क्रूस रोवून लोक घरी परतले, अंगणात बसले. तेवढ्यात खालून मोटरसायकलचा आवाज आला. रमिला आणि तिचा बाप. अंधार असतानाच धडगावहून निघाले होते, पण वेळेवर पोचले नव्हते. बापाच्या खांद्यावर आमचुराची पिशवी होती. त्यांच्याकडे दुसरं काय असणार! ही ती मुलगी, हे सगळ्यांना कळलं होतं. एका म्हाताऱ्यानं तोंड फिरवलं. मी मार्थाबाईंकडे बघितलं. त्यांचा चेहरा दगडासारखा होता, आणि मला भीती वाटली की आता या काहीतरी बोलतील आणि ते या पोरीला जन्मभर पुरेल.

रमिला अंगणाच्या कडेलाच उभी राहिली. बाप पुढे आला, पिशवी मार्थाबाईंच्या पायाशी ठेवली आणि उकिडवा बसला. तो पावरीत बोलायला लागला. त्याला मराठी येत नव्हती, आणि त्याची बोली तिथे कुणाला पुरती कळत नव्हती. तो बराच वेळ बोलला, जमिनीकडे बघत, हातानं वर-खाली खुणा करत. मग थांबला. सगळे रमिलाकडे बघायला लागले.

तिनं ओढणीचं टोक मुठीत धरलं होतं. मी तिला चारचौघांत बोलताना कधी ऐकलं नव्हतं. "बाबा म्हणतात," ती म्हणाली, "दरवर्षी पावसाच्या आधी ते येतील. घर शाकारून देतील. ते आहेत तोवर. मग माझा भाऊ येईल."

मार्थाबाईंनी मान वर करून आपल्या घराच्या छपराकडे पाहिलं. खूप वेळ पाहिलं.

"मागच्या बाजूचे दोन वासे कुजलेत," त्या म्हणाल्या. "नुसती कौलं फिरवून भागायचं नाही. त्यांना सांग."

रमिलानं बापाला सांगितलं. तो उठला, पागोटं काढून खांद्यावर टाकलं, आणि घराच्या मागे जाऊन वासे हातानं दाबून बघू लागला.